गोळीबाराचा हिशेब

पोलीस शस्त्रागारात एक नोंदवही असते. बंदोबस्तावर निघालेल्या तुकडीला किती काडतुसे दिली, त्यांपैकी किती परत जमा झाली, झाडलेल्या काडतुसांच्या किती पुंगळ्या सापडल्या, याचा हिशेब तिच्यात लिहिलेला असतो. एक काडतूस कमी भरले तरी संबंधित शिपायाला खुलासा द्यावा लागतो. सरकारी जमाखर्चाशी माझा दीर्घकाळ संबंध आल्यामुळे मला या नोंदवहीचे मनापासून कौतुक वाटते. परंतु गोळीबारात जो मेला तो कोण होता, त्याचे वय काय होते, गोळी छातीत लागली की पाठीत, त्याच्या हातात काही होते का, गोळी झाडण्यापूर्वी इशारा दिला गेला का, आणि आदेश नेमका कुणाच्या तोंडून निघाला, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात नसतात. तो हिशेब वेगळा. तो मांडायचा तर चौकशी व्हावी लागते, आणि चौकशी मागावी लागते. आपल्याकडच्या गोळीबारांचा इतिहास मी गेली काही वर्षे सवडीने वाचतो आहे. तो मला मुख्यतः या दुसऱ्या हिशेबाच्या मागणीचा इतिहास वाटतो.

हा विषय इथे लिहिण्याचे कारण सांगतो. मी बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्ये राहतो. या भागात मराठी तरुण मुलेमुली पुष्कळ आहेत. बहुतेक संगणक क्षेत्रातली, पुण्या-नागपूर-नाशिकहून आलेली. गणेशोत्सवात वा कुणाच्या घरच्या जेवणात त्यांच्याशी गप्पा होतात. मुंबईच्या हुतात्मा चौकातील हुतात्मे इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले, अशीच यांतल्या अनेकांची समजूत आहे. मुले हुशार आहेत, वाचणारी आहेत; पण स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी, निवडून आलेल्या सरकारच्या राज्यात, मुंबईच्या रस्त्यांवर शंभरावर माणसे मारली, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. लेआउटच्या दक्षिणेला कुडलूच्या बाजूस कर्नाटकाच्या राखीव पोलिसांचा तळ आहे. तिथून बंदोबस्तासाठी निघणाऱ्या गाड्यांमधले जवानही याच मुलांच्या वयाचे असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विशी-पंचविशीची मुले उभी असतात, हे गोळीबाराविषयी बोलताना आपण बहुधा विसरतो.

सुरुवात परकीय राजवटीपासून करावी लागेल. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडल्या गेल्या, हे आपल्याला नेमके ठाऊक आहे, कारण काडतुसांचा हिशेब नेमका होता. मेलेल्यांचा मात्र वाद अजून मिटलेला नाही. सरकारी आकडा ३७९, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा. तरीही त्या सरकारने हंटर समिती नेमली. समितीत मुंबईचे नामवंत वकील सर चिमणलाल सेटलवाड होते. चिलखती गाड्या बागेत नेता आल्या असत्या तर मशीनगन वापरली असती का, हे डायरकडून सेटलवाडांनी काढून घेतले, आणि बहुधा वापरली असती, हे उत्तर कायमचे नोंदले गेले. डायरवर खटला झाला नाही, उलट विलायतेत त्याच्यासाठी वर्गणी गोळा झाली, हे खरेच. पण त्याने काय केले हे त्याच्याच शब्दांत कागदावर आले. चौकशीचा किमान उपयोग तो हाच.

महायुद्धाच्या काळात तेवढेही राहिले नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही मुलेही गेली. नंदुरबारात त्यांचे स्मारक आहे; खानदेशातून आलेल्या वाचकांना त्याविषयी मी वेगळे सांगायला नको. त्याच सुमारास विदर्भात चिमूरला झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. माणूस अन्न सोडतो ते एका चौकशीसाठी, हे आज वाचताना विलक्षण वाटते. पण त्या पिढीला चौकशीचे मोल समजत होते.

आमच्या बेंगळुरूपासून शंभर किलोमीटरच्या आत, गौरीबिदनूरजवळ विदुराश्वत्थ नावाचे गाव आहे. २५ एप्रिल १९३८ रोजी तिथे झेंडा सत्याग्रहासाठी जमलेल्या जत्रेतल्या गर्दीवर म्हैसूर संस्थानच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा दहाच्या आसपास, लोकस्मृतीतला तिसाच्या वर. संस्थानाने मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश वेपा रामेशम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, सरदार पटेल आणि आचार्य कृपलानी बेंगळुरूला आले, आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्याशी समझोता होऊन काँग्रेसच्या झेंड्याला संस्थानी झेंड्याबरोबर जागा मिळाली. एका संस्थानाने, जिथे मतदाराला विचारण्याची सक्ती नव्हती, काही आठवड्यांत एवढे केले. पुढचा प्रसंग समजून घेताना ही तुलना मनात ठेवावी.

तो प्रसंग मुंबईचा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला. त्यात विदर्भ वेगळा ठेवून उरलेल्या मराठी प्रदेशाचे गुजरातसह द्विभाषिक राज्य सुचवले होते. पुढे मुंबई शहर वेगळे काढण्याचा विचार पुढे आला. मुंबईत भांडवल कुणाचे आणि श्रम कुणाचे, हा वाद त्यामागे होता. मराठी बाजूची आर्थिक मांडणी करण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ती मांडणी मला आजही वाचनीय वाटते. परंतु हा लेख मुंबई कुणाची याविषयी नाही. मुंबई वेगळी ठेवावी असे प्रामाणिकपणे वाटणाऱ्या माणसालाही पुढचा प्रश्न चुकवता येत नाही.

२० नोव्हेंबर १९५५ च्या रविवारी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे तिथे ज्या भाषेत सांगण्यात आले ती ऐकून सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधिमंडळावर मोर्चा निघाला. गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते, कचेऱ्यांतले कारकून होते. फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा केली. त्यानंतरच्या आठवड्यात गिरगाव, लालबाग, परळ या वस्त्यांतून वारंवार गोळ्या चालल्या. हुतात्म्यांपैकी बहुतेक या आठवड्यातले. दंगल नव्हती असे म्हणता येणार नाही; दगड पडत होते, जाळपोळ होत होती. तथापि दगड मारणारा आणि गॅलरीतून पाहणारा यांत गोळी फरक करत नाही, आणि मेलेल्यांत दोन्ही प्रकारचे लोक होते हे सारी मुंबई तेव्हा बोलत होती. बोलण्याचा आणि शाबीत होण्याचा फरक चौकशीने मिटला असता. मोरारजींच्या सरकारने न्यायालयीन चौकशी नाकारली.

सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावातही गोळीबार झाला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणजे बेळगावचे मारुती बेन्नाळकर किंवा निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांच्यावर ज्या सरकारच्या पोलिसांनी गोळी झाडली ते सरकार म्हैसूरचे नव्हते, मुंबईचेच होते. कर्नाटकात राहून या विषयावर कानडी मित्रांशी बोलताना मला ही वस्तुस्थिती उपयोगी पडते.

हुतात्म्यांची यादी मी अनेकदा वाचली आहे. पूर्वी १०५ म्हटले जाई, पुढे १०६ झाले, आता १०७ असेही म्हटले जाते. इतक्या जवळच्या काळातील, वर्तमानपत्रे आणि इस्पितळे असलेल्या शहरातील मृतांचा आकडा सत्तर वर्षांनंतरही हलता राहावा, याचे नवल हिशेबाच्या माणसाला वाटल्यावाचून राहत नाही. कारण उघड आहे. अधिकृत चौकशी न झाल्यामुळे यादी समाजाने केली, आणि आठवण येईल तशी ती वाढली. या यादीत सीताराम पवार आहेत तसे के. जे. झेवियर आहेत, पी. एस. जॉन आहेत, चिमणलाल शेठ आहेत, वेदीसिंग आहेत. गजानन ऊर्फ बंडू गोखले असे एक नाव आहे; घरातले हाक मारण्याचे नाव सरकारी स्मारकाच्या यादीत जाऊन बसले आहे. ज्यांना हा लढा केवळ मराठी विरुद्ध गुजराती असा वाटतो, त्यांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी.

आता चिंतामणराव देशमुखांकडे येतो. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, आणि लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी. मोर्चाने जाणारा हा माणूस नव्हता. संस्कृत श्लोक रचण्यात आणि बागकामात रमणारा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे काम भर रंगात असताना त्यांनी राजीनामा दिला. जानेवारीत पुढे केलेला राजीनामा जुलै १९५६ मध्ये स्वीकारला गेला. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला रीतसर विश्वासात न घेता झाला, हा त्यांचा एक आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. महाराष्ट्रात पहिला आक्षेप लोकांच्या लक्षात राहिला, कारण तो मुंबईशी जोडलेला होता. माझ्यासारख्या नोकरीतल्या माणसाला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यभर प्रशासन चालवले, ज्याने ब्रिटिश काळात जिल्ह्यांचा कारभार पाहिला, ज्याला गोळीबाराचा आदेश कसा दिला जातो आणि नंतर कागद कसे रंगवले जातात हे आतून ठाऊक होते, त्याने म्हटले की याची चौकशी झालीच पाहिजे. चौकशीने पोलिसांचे मनोधैर्य खचते, हा आपल्या व्यवस्थेचा नेहमीचा युक्तिवाद आहे. तो देशमुखांना कुणी शिकवायला नको होता. तरी त्यांनी तो मानला नाही.

यापूर्वी दोनच वर्षे, ऑगस्ट १९५४ मध्ये, त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांच्या प्रजासमाजवादी सरकारने तमीळभाषक निदर्शकांवर गोळीबार केला होता. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा तुरुंगात होते. तिथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याकडे राजीनामा मागितला. पक्षाने ऐकले नाही आणि पुढे पक्ष फुटला. लोहियांची भूमिका अव्यवहार्य होती असे अनेकांचे मत आहे. माझेही मत काही अंशी तसेच आहे, कारण प्रत्येक गोळीबाराला सरकार पडू लागले तर गोळीबार थांबण्याऐवजी लपवले जातील. देशमुखांची मागणी त्यामानाने फार माफक होती. त्यांनी फक्त हिशेब मागितला.

समाजाचा प्रतिसाद काय झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशी एरवी एका व्यासपीठावर न येणारी माणसे एकत्र आली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची धूळधाण उडाली. तिकडे अहमदाबादेत ८ ऑगस्ट १९५६ रोजी काँग्रेस हाऊससमोर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि महागुजरातचे आंदोलन पेटले. ज्या जागी विद्यार्थी पडले तिथे खांभी, म्हणजे स्मृतिस्तंभ, उभारण्यासाठी दोन वर्षांनी सत्याग्रह करावा लागला. मराठी आणि गुजराती समाज एकमेकांशी भांडत असताना एकाच सरकारच्या गोळ्यांनी दोघांचीही मुले गेली. ऑगस्ट १९५८ मध्ये अहमदाबादेत पुन्हा गोळीबार झाला, तेव्हा मात्र यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने न्यायमूर्ती कोतवालांचा चौकशी आयोग नेमला. मोरारजींच्या काळात जे अशक्य होते ते दोन वर्षांत शक्य झाले. मधल्या काळात घडले ते एवढेच, की एक निवडणूक होऊन गेली होती.

यानंतर चौकशी मिळू लागली. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली निवृत्त वा कार्यरत न्यायाधीश नेमण्याचा प्रघात हळूहळू पडला. मला यात एक अर्थशास्त्रीय गंमत दिसते. १९५६ मध्ये चौकशीची राजकीय किंमत फार मोठी वाटत होती म्हणून ती नाकारली गेली. पुढे सरकारांच्या लक्षात आले की आयोगाचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो, त्यापुढे दिलेली साक्ष फौजदारी खटल्यात साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही, आणि अहवाल येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. चौकशी स्वस्त झाली, आणि म्हणून मुबलक झाली. १९७१ च्या दुरुस्तीने अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन आले, ही चांगली गोष्ट. पण त्या टिपणात 'कार्यवाही सुरू आहे' असे लिहिण्यास कायद्याने मनाई नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण घाटकोपरचे. ११ जुलै १९९७ रोजी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर उतरले. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या आदेशाने गोळीबार झाला. दहा माणसे मेली, सव्वीस जखमी झाली. मृतांत बहुतेक तरुण होते, एक मुलगा होता, एक स्त्री होती. पोलिसांचे म्हणणे असे की जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता आणि मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळ्या झाडाव्या लागल्या.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सारे टँकरविषयीच बोलत होतो, हे मला चांगले आठवते. टँकर किती दूर होते, पेटले असते तर किती वस्ती जळाली असती, यावर तासन्‌तास चर्चा. मेलेल्या दहांपैकी एकाचेही नाव त्या चर्चेत आले नाही. १९५६ मध्ये मराठी मध्यमवर्गाला मेलेली मुले आपली वाटली होती. त्यांच्यासाठी संपादकांनी लेखण्या झिजवल्या, अर्थमंत्र्याने खुर्ची सोडली. १९९७ मध्ये त्याच वर्गाला मेलेली मुले 'जमाव' वाटली. मधल्या चाळीस वर्षांत गोळी बदलली नव्हती. रमाबाई नगर ही दलितांची वस्ती होती आणि गिरगाव नव्हते, हे कारण सांगण्याला पर्याय नाही.

दलित समाजाने मात्र प्रतिसाद दिला. राज्यभर बंद आणि मोर्चे झाले. शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलै रोजी, आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी त्यांच्यापासून सुरुवात करून चौदा वर्षे चित्रीकरण करीत 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण केला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी समझोता केलेल्या रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार महाराष्ट्रातून निवडून आले. त्यामागे इतरही कारणे होती, पण घाटकोपरची आठवण त्यांत होतीच. म्हणजे १९५७ सारखा मतपेटीचा प्रतिसादही मिळाला.

आणि चौकशीही झाली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. टँकरचा बचाव आयोगाने मानला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि कदम यांना जबाबदार धरले. देशमुखांनी १९५६ मध्ये जे मागितले होते ते सारे इथे मिळाले होते: न्यायालयीन चौकशी, लेखी निष्कर्ष, नावानिशी जबाबदारी. त्यापुढे काय झाले? सत्र न्यायालयाचा निकाल लागायला २००९ साल उजाडले. कदम यांना जन्मठेप झाली आणि उच्च न्यायालयात शिक्षेला स्थगिती मिळून ते जामिनावर सुटले. तोवर बारा वर्षे गेली होती. उलट बाजूने, त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या रहिवाशांवरही दंगलीचे गुन्हे दाखल झाले होते आणि ते वर्षानुवर्षे तारखांना जात राहिले.

इथे कायद्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२९ वे कलम बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, ठाण्याच्या प्रमुखाला, किंवा त्याच्या अनुपस्थितीत उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याला देते. म्हणजे घाटकोपरला आदेश देणारा अधिकारी अधिकाराच्या शिडीवर सर्वांत खालच्या पायरीवर होता. जिल्ह्यात निदान तहसीलदार वा प्रांत घटनास्थळी असण्याची शक्यता असते. तो महसुलाचा माणूस, पोलीस त्याच्या हाताखाली रोज काम करत नाहीत, त्यामुळे आदेश देण्याआधी दोन वेगळ्या खात्यांच्या माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागते. मुंबई किंवा बेंगळुरूसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत दंडाधिकाऱ्याचे पुष्कळसे अधिकार पोलिसांकडेच असतात. ही दुसरी नजर तिथे राहत नाही. शहरांची आयुक्तालये वाढत आहेत आणि प्रत्येक वेळी त्याचे स्वागत 'जलद निर्णय' म्हणून होते. गोळीबाराच्या बाबतीत निर्णयाला लागणारा वेळ हा काही वेळा एकमेव बचाव असतो.

त्याच संहितेचे १३२ वे कलम सांगते की जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय पोलिसावर खटला भरता येणार नाही. तरतुदीमागचा हेतू मी समजू शकतो. दगडांच्या वर्षावात उभ्या असलेल्या शिपायाला प्रत्येक फिर्यादीपासून संरक्षण हवेच. पण मंजुरी देणारे आणि गोळीबाराचे समर्थन करणारे गृहखाते एकच असते. आमच्या हिशेब तपासणीत खर्च करणाऱ्यानेच खर्चाला हरकत घ्यावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. शिवाय मंजुरी किती दिवसांत द्यायची वा नाकारायची, याचे बंधन या कलमात नाही.

यानंतरही गोळीबार झाले. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती महामार्गाजवळ गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिघे मेले. त्या वेळी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी पोलिसांना गोळ्या झाडताना टिपले होते, त्यामुळे टँकरसारखी चर्चा फार काळ टिकली नाही; चौकशी आयोग नेमला गेला आणि जलवाहिनीचे काम थांबले. आमच्या शेजारी तमिळनाडूत २२ मे २०१८ रोजी तुतिकोरिनला तांबे कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन तेरा माणसे मेली. त्यांत नुकतीच शाळा संपवलेली एक मुलगी होती. न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांवर ठपका ठेवला आणि सतरा पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. गुंडेवार अहवाल ज्याने वाचला आहे त्याला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

बेळगावचे १९८६ साल अजून सांगितले नाही. कानडी सक्तीविरोधातील त्या आंदोलनात जूनच्या पहिल्या दिवसांत नऊ माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. हिंडलग्याच्या स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला लोक जमतात. या गोळीबाराविषयी बेंगळुरूतल्या मराठी मंडळींत बोलणे थोडे अवघड असते. आपण ज्या राज्यात राहतो, ज्याचे पाणी पितो, त्याच्याविषयी तक्रार केल्यासारखे वाटते. मला ते तसे वाटत नाही. मुंबई सरकारने बेळगावात, म्हैसूर संस्थानाने विदुराश्वत्थाला, कर्नाटकाने हिंडलग्याला आणि महाराष्ट्राने घाटकोपरला जे केले, त्यातले प्रश्न त्याच चार-पाच ओळींत मावतात: आदेश कुणाचा, इशारा दिला का, गोळी कुठे लागली, आणि खटल्याला मंजुरी कोण देणार.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, शीर्षके बदलली. जमाव पांगवण्याची तरतूद आता १४८ व्या कलमात आहे आणि १३२ वे कलम १५१ वे झाले आहे. राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीची अट त्यात तशीच आहे.